नाण्यांचा संग्रह

वाण्याच्या दुकानातून सामान घेऊन घरी परतताना तुमच्या मुठीत दोन-चार नाणी उरतात. ती तुम्ही आईच्या हाती देता. आई ती फडताळातल्या डब्यात टाकते आणि दुसऱ्या दिवशी तीच नाणी एसटीच्या वाहकाकडे किंवा भाजीवालीकडे जातात. असा हा प्रवास अखंड चालू असतो. आपण नाणी मोजतो, देतो, घेतो. परंतु ती निरखून मात्र क्वचितच पाहतो. मुलांनो, एक गंमत करा. हे पुस्तक क्षणभर मिटा आणि पाच रुपयांच्या नाण्यावर काय काय असते ते आठवून पाहा. सिंहांची आकृती बहुतेकांना आठवेल. पण वर्ष कोठे लिहिलेले असते? वर्षाच्या खाली आणखी काही असते काय? नाण्याची कडा गुळगुळीत असते की दातेरी? येथे अनेकांची उत्तरे अडखळतील. रोज हाताळलेली वस्तू इतकी अपरिचित असावी, ही नवलाचीच गोष्ट नव्हे काय?

नाण्यांचा संग्रह करणे म्हणजे या अपरिचित वस्तूची नीट ओळख करून घेणे होय. हा छंद धनवंतांचाच आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. या छंदाला पैसा थोडा पुरतो, लक्ष मात्र पुष्कळ लागते. तो कसा सुरू करावा, हे मी तुम्हांला सांगणार आहे. परंतु आधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. कारण या छंदाचा पहिला धडा मी त्या चुकीतूनच शिकलो.

माझे बालपण रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात गेले. आमच्या देव्हाऱ्यात आजीने तांब्याचे एक जुने नाणे जपून ठेवले होते. ते जाड, ओबडधोबड आणि काळसर होते. आजी त्याला ‘शिवराई’ म्हणे. वर्षातून एकदा, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते ताम्हनात येई. मी दहा-अकरा वर्षांचा असताना पूजेची उपकरणी घासण्याचे काम माझ्याकडे आले. पळी, पंचपात्री, ताम्हन, सारे लखलखीत झाले. मग शिवराईनेच काळे का राहावे? मी चिंच, मीठ आणि राख घेतली आणि नारळाच्या काथ्याने ते नाणे अर्धा तास घासले. ते नव्या तांब्यासारखे झळकू लागले. मी मोठ्या अभिमानाने आजीकडे धावत गेलो.

आजीने नाणे डोळ्यांजवळ धरले. उजेडाकडे तोंड करून पाहिले. मग त्यावरून हळूच अंगठा फिरवला. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बाळा, ह्यावर अक्षरं होती रे. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मला वाचता येत नव्हतं. तुझ्या आजोबांनी ‘श्री’ काढायला मला ह्या शिवराईवरूनच शिकवलं होतं.”

मी नाणे उलटसुलट करून पाहिले. अक्षरांच्या जागी केवळ चकाकी उरली होती.

असे का झाले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. झिजलेल्या नाण्यावरची अक्षरे पृष्ठभागाहून केसभरच उंच असतात. काळाच्या ओघात खोलगट जागी काळसर थर साचतो आणि उंच भाग हाताच्या स्पर्शाने उजळ राहतो. या काळ्या-उजळ भेदामुळेच आपल्याला ती अक्षरे दिसतात. मी तो थरही घालवला आणि उरलीसुरली उंचीही राखेने घासून काढली. तीन-चार पिढ्यांनी जपलेले मी अर्ध्या तासात पुसून टाकले. म्हणून या छंदाचा पहिला नियम असा : जुने नाणे कधीही घासू नये. चिंच, लिंबू, राख, दंतमंजन यांपैकी काहीही त्याला लावू नये. मळलेले नाणे वाचता येते. घासलेले नाणे मुके होते.

नाणे बोलते तरी काय, असे तुम्ही विचाराल. शिवराईचेच उदाहरण घ्या. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असत. भोवतालच्या राज्यांची नाणी फार्सी अक्षरांनी भरलेली असताना या नाण्यावर देवनागरी लिपी यावी, यातच नव्या राज्याची घोषणा होती. ज्याला राजधानीचे दर्शन कधी घडणार नव्हते, अशा दूरच्या शेतकऱ्याच्या हातातही ही घोषणा त्या तांब्याच्या तुकड्यावरून पोहोचत होती. पुढे पेशवाईतही अशाच शिवराया पाडल्या जात. म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतलीच असते असे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

याहून जुनी एक साक्ष पाहा. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती क्षत्रप राजा नहपान याची होती; परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा मुलूख जिंकला होता, याची ग्वाही ही नाणी देतात. जिंकलेल्या राजाच्या नाण्यांवर विजेत्याने आपली मुद्रा उमटवली होती. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा तो विजय या साठ्यातील नाण्या-नाण्यावर आजही वाचता येतो.

आपल्या कोकणपट्टीत तर एके काळी गोल नसलेले नाणेही चालत असे. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारीत. दिसायला ती केसांत खोवायच्या आकड्यासारखी असे. तिला ‘लारी’ म्हणत. हे नाणे मूळचे इराणच्या बाजूचे. समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापाराबरोबर ते पश्चिम किनाऱ्यावर आले आणि विजापूरच्या आदिलशाहीनेही तशा लाऱ्या पाडल्या. आपल्या बंदरांचा दूरदेशांशी किती जवळचा व्यवहार होता, हे ती तार सांगते.

नाणी चलनातून जातात, पण भाषेतून जात नाहीत. एखादी गोष्ट पूर्ण खरी असली की आपण ‘सोळा आणे खरी’ असे म्हणतो. आज आणा कोठे आहे? ‘पै पै करून जमवलेले धन’ म्हणतो. पै कोणी पाहिली आहे? ‘माणूस वाजवून घ्यावा’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. कारण पूर्वी चांदीचा रुपया दगडावर आपटून, त्याचा नाद ऐकून, मगच तो घेत असत. १ एप्रिल १९५७ पूर्वी आपल्याकडे एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पै होत. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांना चवली, चार आण्यांना पावली आणि आठ आण्यांना अधेली म्हणत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नव्या पैशाला ‘नया पैसा’ हे नाव मिळाले आणि १९६४ साली त्यातील ‘नया’ हा शब्द गळाला. आता हिशेब करून पाहा : शंभर नये पैसे सोळा आण्यांत वाटले तर एका आण्याचे किती होतात? सव्वासहा! सव्वा पैशाचे नाणे तर नव्हते. म्हणजे दुकानदाराची आणि गिऱ्हाइकाची रोज केवढी तारांबळ उडत असेल, याची कल्पना करा.

आता आपण प्रत्यक्ष संग्रहाकडे वळू. सुरुवात कोठून करावी? आपल्या घरापासून. त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. आईवडिलांची परवानगी घेऊन घरातील सर्व नाणी एका स्वच्छ कापडावर मांडा. देवापुढची किंवा दुसऱ्याच्या मालकीची नाणी विचारल्यावाचून उचलू नका. मग एकेक नाणे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कडेवर धरा. त्याच्या तोंडावर बोटे ठेवू नका, कारण बोटांच्या घामात क्षार असतात आणि त्यांचे डाग धातूवर उमटतात. साधे भिंग मिळाले तर उत्तमच.

आता वर्षाच्या खाली पाहा. काही नाण्यांवर तेथे पत्त्यांतील चौकटीसारखी छोटी खूण दिसेल. ते नाणे मुंबईच्या टाकसाळीत पाडलेले आहे. चांदणी दिसली तर ते हैदराबादचे. लहानसा वाटोळा ठिपका असला तर ते दिल्लीजवळच्या नोएडाचे. आणि वर्षाखाली काहीच नसले, तर ते कोलकात्याचे समजावे. भारतात नाणी पाडणाऱ्या सरकारी टाकसाळी या चारच आहेत. मुंबईची टाकसाळ १८२९ साली स्थापन झाली; नोएडाची सर्वांत तरुण, तिचे काम १९८८ साली सुरू झाले. रत्नागिरीच्या बाजारात तुमच्या हाती आलेले नाणे कोलकात्याहून निघून किती हातांतून फिरत येथवर आले असेल! ही एक खूण ओळखता आली की नाणे पाहण्याची दृष्टीच बदलते.

नवा संग्राहक एक चूक हमखास करतो. जे दिसेल ते तो गोळा करीत सुटतो आणि थोड्याच दिवसांत डबा भरतो, पण संग्रह होत नाही. ढीग आणि संग्रह यांत भेद आहे. संग्रहाला एक सूत्र लागते. म्हणून प्रथम आपली मर्यादा आपणच ठरवून घ्यावी. थोड्या खर्चात पुऱ्या करता येतील अशा काही योजना सुचवतो.

पहिली योजना एका वर्षाची. आपले जन्मवर्ष निवडा आणि त्या वर्षाची, चारही टाकसाळींची, निरनिराळ्या किमतींची नाणी शोधा. प्रत्येक टाकसाळ दर वर्षी प्रत्येक नाणे पाडतेच असे नाही. कोणते घर रिकामे राहते, हे शोधणे हाही या खेळाचाच भाग आहे. या योजनेत पैसा मुळीच खर्च होत नाही. दोन रुपयांचे नाणे तुम्ही बाजूला ठेवले तर तुमचे दोन रुपये कोठे जात नाहीत. ते तुमच्याजवळच राहतात.

दुसरी योजना आकारांची. आपल्या देशात नाणी किती आकारांची झाली, याची गणती करा. १९४३ ते १९४७ या काळात मधोमध भोक असलेला तांबूस पैसा निघत असे. दुसऱ्या महायुद्धामुळे धातूची टंचाई होती. भोकामुळे धातू वाचे. पुढे ॲल्युमिनियमची हलकी नाणी आली. त्यांत पाच पैशांचे चौकोनी, तीन पैशांचे षट्कोनी, दहा पैशांचे कातरलेल्या कडेचे होते. नंतर दोन रुपयांचे अकरा कोनांचे नाणे निघाले आणि आता वीस रुपयांचे बारा कडांचे नाणे चालते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याहून लहान नाणी चलनातून बाद झाली. परंतु अनेक घरांच्या कोनाड्यांत आणि जुन्या डब्यांत ती अजून पडून आहेत. आजी-आजोबांना विचारा. नाण्याबरोबर त्या नाण्यात त्या काळी काय मिळे, ही गोष्टही ते सांगतील. तीही टिपून ठेवा.

तिसरी योजना थोर पुरुषांची. पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ साली त्यांची मुद्रा असलेली नाणी निघाली. स्वतंत्र भारताची ती पहिली स्मारक नाणी होत. तेव्हापासून अशी अनेक नाणी निघाली आहेत. त्यांत महाराष्ट्राच्या सुपुत्रांची एक ओळच लावता येते. १९९० चा एक रुपया डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, १९९९ चा एक रुपया संत ज्ञानेश्वरांचा, त्याच वर्षीचे दोन रुपयांचे नाणे छत्रपती शिवाजी महाराजांचे, २००२ चा एक रुपया संत तुकारामांचा आणि २००७ चे पाच रुपयांचे नाणे लोकमान्य टिळकांचे. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली याच रत्नागिरीत झाला. त्यांच्या दीडशेव्या जयंतीचे ते नाणे आहे. ज्या नगरात ते जन्मले, त्या नगरातील मुलांच्या संग्रहात ते असावयास हवे, नाही काय?

चौथी योजना समुद्रापलीकडची. रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ माणसे जहाजांवर किंवा आखाती देशांत नोकरीला असतात. घरी येताना त्यांच्या खिशात तिकडची चिल्लर उरलेली असते. ती तेथेही कोणी बदलून घेत नाही आणि येथेही चालत नाही. अशा काकांना किंवा शेजाऱ्यांना नम्रपणे विचारावे. कुवेतच्या नाण्यावर शिडाचे गलबत दिसेल. संयुक्त अरब अमिरातीच्या दिऱ्हॅमवर अरबी पद्धतीची कॉफीची सुरई दिसेल. आखातातील अनेक ठिकाणी १९६० च्या दशकापर्यंत भारताचा रुपयाच चलन म्हणून चालत असे, हे कळल्यावर तर भूगोल आणि इतिहास हे दोन विषय एकाच नाण्याच्या दोन बाजू वाटू लागतील.

एकाच प्रकारची दोन नाणी जवळ असली तर एक मित्राला द्यावे आणि त्याच्याकडील जास्तीचे नाणे घ्यावे. वर्गातील पाच-सहा मुलांनी मिळून महिन्यातून एकदा अशी देवाणघेवाण केली तर कोणाचाही पैसा न जाता सर्वांचे संग्रह वाढतात. मात्र देवाणघेवाणीत सचोटी पाळावी. मित्राला ठाऊक नाही म्हणून त्याचे दुर्मीळ नाणे क्षुल्लक नाण्याच्या बदल्यात घेणे, ही फसवणूकच होय.

पुढेमागे एखादे नाणे विकत घ्यावेसे वाटेल. त्या वेळी एक तत्त्व ध्यानी ठेवा. नाण्याची किंमत केवळ त्याच्या वयावर ठरत नाही. ते किती दुर्मीळ आहे, किती जणांना हवे आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, यांवर ती ठरते. शिवराई तीनशे वर्षांची असली तरी साधी, झिजलेली शिवराई फारशी महाग नसते. कारण तशी नाणी विपुल पाडली गेली. उलट, सहाव्या जॉर्ज बादशहाचा १९३९ चा चांदीचा रुपया तिच्या मानाने कालचा, तरी तो फार दुर्मीळ आहे. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा मौजेची आहे. त्याच्या झग्यावर हत्ती कोरला होता. पण तो इतका लहान आणि बेढब झाला की लोकांना तो डुकरासारखा दिसला. तक्रारी झाल्या. तेव्हा ती नाणी मागे घेऊन पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा नवा ठसा करण्यात आला. एवढीशी चूक, पण तीमुळे ते नाणे प्रसिद्धीस आले!

जेथे किंमत आली तेथे लबाडीही आली. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला एखादा मनुष्य राम, सीता आणि मारुती यांची चित्रे असलेले नाणे दाखवतो. त्यावर १८१८ हे साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असते. ते अतिशय मोलाचे आहे, असे तो सांगतो. कंपनी सरकारने असे नाणे कधी पाडलेच नव्हते. ते निव्वळ बनावट असते. चांदीचा जुना रुपया कोणी दाखवला तर तो सराफाच्या काट्यावर तोलून घ्यावा. ब्रिटिश अमदानीतील चांदीच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम असे. झिजेमुळे ते थोडे उतरते. पण एकदम दोन ग्रॅमांनी कमी किंवा जास्त भरले तर शंका घ्यावी. आणखी एक सोपी परीक्षा लोहचुंबकाची आहे. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही. म्हणून चुंबकाला चिकटणारा ‘चांदीचा’ रुपया चांदीचा नव्हेच. मात्र न चिकटणारा प्रत्येक रुपया चांदीचा असतो असेही नाही. १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया चुंबकाला चटकन चिकटतो. पण तो खोटा नव्हे, कारण तो निकेल धातूचाच आहे. परीक्षा करणाऱ्याला आधी धातू ठाऊक हवा.

दुसरी लबाडी दूरध्वनीवरून होते. ‘तुमच्याजवळचे जुने नाणे आम्ही लाखो रुपयांना घेतो, आधी थोडे शुल्क भरा,’ असे सांगून पैसे उकळले जातात. भारतीय रिझर्व्ह बँकेचे नावही त्यासाठी वापरले जाते. अशा व्यवहाराशी आपला काहीही संबंध नाही, असा इशारा बँकेने २०२१ साली जाहीरपणे दिलेला आहे. जो विकत घेणार तो आपल्यालाच आधी पैसे का मागतो, एवढा एक प्रश्न मनाला विचारला तरी पुष्कळ फसवणूक टळेल. लवकर श्रीमंत होण्यासाठी हा छंद नाही.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. विहीर खणताना किंवा शेत नांगरताना जमिनीत पुरलेली जुनी नाणी सापडली, तर ती गुपचूप वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे अशा गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हा नियम जाचक वाटेल. पण त्यामागे मोठे कारण आहे. नाणी कोठे सापडली, कोणत्या भांड्यात होती, शेजारी आणखी काय होते, यांवरून इतिहासाचे धागे जुळतात. जोगळटेंभीचा साठा सोनारांच्या मुशींत वितळून गेला असता, तर गौतमीपुत्राच्या विजयाची ती हजारो मुखांची साक्ष कायमची नाहीशी झाली असती.

जमलेली नाणी नीट ठेवणे हे जमवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. त्यातून आपला कोकण म्हणजे चार महिने मुसळधार पाऊस आणि बारा महिने खारी हवा. तांब्या-पितळेवर हिरवा कळंक चढायला येथे वेळ लागत नाही. म्हणून ओल्या किंवा घामेजल्या हातांनी नाण्यांना स्पर्श करू नये. प्रत्येक नाण्यासाठी जाड, स्वच्छ, कोऱ्या कागदाचे लहानसे पाकीट करावे. सगळी नाणी एकाच पिशवीत टाकली तर ती परस्परांवर घासून झिजतात. मऊ, चिकट प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. त्यांपासून कालांतराने नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. रबराची पट्टीही गुंडाळू नये. रबरातील गंधकाने चांदी काळी पडते. ही पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात उभी लावावीत. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषणाऱ्या मण्यांची जी पुडी मिळते, ती फेकून न देता त्या डब्यात ठेवावी. पावसाळा सरल्यावर कोरड्या दिवशी डबा उघडून सर्व नाणी एकवार पाहावीत.

शेवटची आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. तो पाकिटावर लिहा आणि तोच वहीत नोंदवा. त्यापुढे नाण्याची किंमत, वर्ष, टाकसाळ, धातू, आकार, दोन्ही बाजूंचे वर्णन आणि ते कोणाकडून, कोणत्या तारखेला मिळाले, हे लिहा. नाण्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने अलगद छायांकन केले, तर नाण्याची हुबेहूब प्रतिमा कागदावर उमटते. ही क्लृप्ती विशेष उपयोगाची आहे. शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यातील शिवराई ते तुम्हांला देणार नाहीत आणि देऊही नये. पण तिचा असा ठसा घ्यायला ते नाही म्हणणार नाहीत. नाणे त्यांच्याकडे राहते आणि त्याची ओळख तुमच्या वहीत येते. केवळ अशा ठशांचाही एक सुंदर संग्रह होऊ शकतो. त्याला खर्च येतो एका कागदाचा आणि एका पेन्सिलीचा.

एवढे झाल्यावर, मुंबईला जाण्याचा योग आला की भारतीय रिझर्व्ह बँकेचे चलन-संग्रहालय आवर्जून पाहा. ते २००४ साली सुरू झाले. तेथील काचेच्या पेट्यांत आपल्या देशाच्या शेकडो वर्षांची नाणी ओळीने मांडलेली आहेत. ज्याच्या घरी दहा नाण्यांची नीट नोंदलेली वही आहे, त्याला त्या पेट्यांतील नाणी परकी वाटणार नाहीत.

आजीची ती शिवराई आज माझ्याकडे आहे. तिची चकाकी केव्हाच गेली. तांबे पुन्हा काळवंडले. माझ्या संग्रहात तिच्याहून स्पष्ट अक्षरांच्या शिवराया आहेत. तरी वहीत पहिला क्रमांक तिचाच आहे. तिच्या पुढे मी वर्णनाच्या रकान्यात लिहिले आहे : ‘अक्षरे दिसत नाहीत. एका बाजूस श्री राजा शिव असे होते. आजीने सांगितले.’ नाण्यावरचे मी पुसले. ते निदान कागदावर तरी राहावे, एवढ्यासाठी.

आज संध्याकाळी वडिलांच्या खिशातून सुटी नाणी निघतील, तेव्हा त्यांतले एक मागून घ्या. दिव्याखाली धरा. वर्ष वाचा आणि वर्षाच्या खाली काय आहे ते पाहा. तुमच्या वहीचा पहिला क्रमांक कदाचित तेच असेल.